कॅरॅक्टरचे दहा गुण

९ मार्च १९९८, सोमवार

कॅम्प सुरू झाला. सकाळी पावणेसहाला घरातून निघाले तेव्हा नळ कोरडा होता आणि टँकरवाला सोसायटीच्या गेटवर चौकीदाराशी हुज्जत घालत होता. एकोणीस वर्षं करोल बागेत दोन खोल्यांत काढली. तिथे जागा नव्हती, पण पाणी होतं. इथे द्वारकेत चौथ्या मजल्यावर तीन खोल्या आहेत आणि लिफ्टसाठी खड्डा आहे. श्याम नवऱ्याच्या थाटात मला म्हणतो, "पाच वर्षांत बघ सुहास, इथे घर घ्यायला लोक रांग लावतील." लावोत. तोवर माझे गुडघे शिल्लक असले तर रांगेतल्यांना चहा देईन.

शाळेने खेळाच्या बाईला दीड महिन्याची रजा दिली ती तोंड वाकडं करून. भारताच्या महिला फुटबॉल संघाची मॅनेजर म्हणून हा माझा तिसरा कॅम्प. पहिल्या वेळी मी नवी सुटकेस घेतली होती. या वेळी जुनीची कडी दोरीने बांधली.

मागच्या दौऱ्यात आपल्या दोन मुलींनी परदेशी विमानतळावर एकमेकींच्या झिंज्या उपटल्या, तेव्हापासून महासंघाच्या सेक्रेटरीसाहेबांच्या डोक्यात 'कॅरॅक्टर' शिरलं आहे. आता पन्नासपैकी चाळीस गुण खेळाचे, ते कोच घोषबाबू देणार. दहा गुण कॅरॅक्टरचे, ते मी द्यायचे, आणि प्रत्येकीवर एक गोपनीय शेरा लिहायचा. तीस मुलींमधून अठरा पुढच्या महिन्यात बँकॉकच्या स्पर्धेला जातील. नवं रक्त हवं, म्हणून त्यांत चार तरी अठराच्या आतल्या असाव्यात असाही हुकूम आहे. माणसाच्या स्वभावाला दहापैकी किती, हे दोन आठवड्यांत ठरवायचं. इतकं सोपं असतं तर लग्नं किती बरी झाली असती.

हजेरी घेताना एक मुलगी पुढे आली. वासंती, सतरा वर्षांची, कोल्हापूरची, डाव्या बाजूने खेळते. केस पोरासारखे कापलेले. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "मॅडम, तुम्ही मराठी नव्हं? मला लई बरं वाटलं बघा."

बंगालच्या मुली हसल्या. मी हिंदीत सांगितलं, "यहाँ सब हिंदी में बात करेंगे." तिचा चेहरा जरा उतरला. पण पहिल्या दिवशीच स्पष्ट केलेलं बरं. सव्वीस वर्षं या शहरात आहे. कुणी म्हणू शकणार नाही की मी आपल्या माणसाला कधी एक पायरी पुढे ढकललं.

११ मार्च, बुधवार

घोषबाबू खूश आहेत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "दीदी, ये कोल्हापूरवाली देखा? बायाँ पैर देखा?" पाहिलं होतं. चेंडू तिच्या पायाला चिकटल्यासारखा राहतो आणि ती मान वर ठेवून धावते. इतक्या वर्षांत अशा दोन किंवा तीन पाहिल्या असतील.

कॅम्पमध्ये जुनी पद्धत अशी की सीनियर मुली आधी जेवतात, ज्युनियर नंतर. ज्युनियरच सीनियरचे बूट पुसतात. वासंतीने बूट पुसले, एकदा नाही, तीन जोड पुसले. पण दुपारी मेसमध्ये ताट घेऊन आचाऱ्यासमोर उभी राहिली. ज्युनियरच्या पाळीपर्यंत अंडी संपलेली असतात, हे तिचं म्हणणं. मोडक्या हिंदीत सांगत होती, "भैया, मेरे को नहीं देना तो मत दो. वो लडकी कल चक्कर खाके गिरी, उसको दो." आचाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. सीनियर मुलींनीही पाहिलं.

मी तिला खाली बसवलं. नंतर आचाऱ्याला सगळ्यांसाठी अंडी वाढवायला सांगितलं, कारण मुद्दा बरोबर होता. पण वहीत लिहिलं: 'प्रथा पाळत नाही. वाद घालते.' एक गुण कापला. मणिपूरच्या एखाद्या मुलीने हेच केलं असतं तर कापला असता का? असता. बहुतेक.

१३ मार्च, शुक्रवार

होळी. सुरक्षेमुळे मुलींना बाहेर सोडलं नाही. त्यांनी मेसमधली हळद पळवून एकमेकींना फासली. मलाही फासली, डोळ्यांत गेली.

कॅप्टन शालिनी मात्र पायरीवर बसून नुसती हसत होती. ही केरळची, एकोणतीस वर्षांची, दहा वर्षं संघात आहे. कधी आवाज चढवला नाही, कधी कशाची मागणी केली नाही. ज्युनियर ओढायला आल्या तर म्हणाली, "तुम लोग खेलो, मैं देखती हूँ." किती समजूतदार. हिच्यासाठी शेरा लिहायला मला दोन मिनिटंही लागणार नाहीत.

१६ मार्च, सोमवार

आज दिल्लीबाहेर मानेसरला सराव सामना. श्यामच्या फॅक्टरीतल्या पोरांची टीम आहे, त्यानेच ठरवून दिलं. सरकारी नोकरी सोडून तो या मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात गेला तेव्हा मी महिनाभर धड बोलले नव्हते. आता रोज पहाटे कंपनीच्या बसने जातो आणि परत येताना बसमध्ये घोरतो. पण आज साहेबांसारखा रुबाबात उभा होता, मुलींसाठी सरबताचे कॅन घेऊन.

मैदान म्हणजे अर्धवट बुजवलेलं शेत. शिफ्ट सुटलेले दोन-तीनशे कामगार बघायला. शेरेबाजी झाली, मी कान बंद केले. फॅक्टरीचा एक आडदांड बॅक वासंतीला दोनदा आडवा पाडून गेला. तिने माती झटकली आणि तिसऱ्यांदा त्याच्याच बाजूने गेली. शेवटची पाच मिनिटं उरली असताना तिने डावीकडून चेंडू काढला, दोघांना चकवलं आणि गोल मारला. जे कामगार शिट्ट्या मारत होते तेच टाळ्या वाजवायला लागले.

आणि ही बाई रेफरीकडे गेली. "सर, गोल नहीं. बॉल पहले लाइन के बाहर गया था." रेफरीने पाहिलं नव्हतं, लाइन्समनने पाहिलं नव्हतं. गोल रद्द झाला, आपण एक-शून्य हरलो. घोषबाबूंनी डोक्याला हात लावला. "दीदी, इंटरनेशनल में ऐसा करेगी तो हम लोग खाली हाथ घर जाएगा."

मी लिहिलं: 'सामन्यात रेफरीशी अनावश्यक बोलते.'

घरी आल्यावर श्याम म्हणाला, "ती डावीकडची पोरगी कोण यार? कमालच केली. आमच्या प्लांटमध्ये असा एक सुपरवायझर दाखव मला." मी म्हटलं, तुझ्या प्लांटला बँकॉकला जायचं नाहीये. तो हसला आणि सोफ्यावर बसल्या बसल्या झोपला.

शालिनी आज दुसऱ्या हाफमध्ये बसली. नव्या मुलींना संधी मिळावी म्हणून स्वतःहून बाहेर आली. घोषबाबूंनाही कौतुक वाटलं.

१९ मार्च, गुरुवार

नव्या सरकारचा शपथविधी. अर्धे रस्ते बंद, पोलीस जागोजाग. दुपारी सराव रद्द करून मुलींना विश्रांती दिली. आणि नेमकं आजच व्हायचं ते झालं.

चार वाजता हजेरी घेतली तर वासंती नाही. खोलीत नाही, मेसमध्ये नाही. गेटवरच्या वहीत नाव नाही. शहर असं बंद, मुलगी सतरा वर्षांची, दिल्लीत एक गल्ली ओळखत नाही. मी दोन तास गेटवर उभी होते.  पोलिसांत जावं तर उद्या पेपरात येईल, न जावं तर आणि काय होईल. घोषबाबू सिगारेटवर सिगारेट ओढत होते.

साडेपाचला ऑटोने शालिनी आली. ती रीतसर लेखी परवानगी घेऊन करोल बागेत बहिणीसाठी साडी घ्यायला गेली होती. मी तिला विचारलं, वासंती कुठे दिसली का? तिने मान हलवली आणि डोकं दुखतंय म्हणून सरळ खोलीत गेली. साडी मनासारखी मिळाली नाही म्हणाली. करोल बागेत साडी मिळत नाही म्हणजे कमाल आहे.

सहा वाजून दहा मिनिटांनी वासंती बसमधून उतरली. एकटी. टी-शर्ट घामाने चिंब, एका खांद्यावर नुसता चुरगळलेला. मी विचारलं, कुठे होतीस? गप्प. कुणाबरोबर गेली होतीस? गप्प. मुलगा आहे का कुणी? तेव्हा मात्र मान झटकन वर केली. "तसलं काय न्हाई, मॅडम."

"मग काय आहे ते सांग."

तिने वाकून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाली, "खोटं बोलणार न्हाई मी. आणि खरं सांगता यायचं न्हाई. तुम्ही काय शिक्षा द्यायची ती द्या."

थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही. मैदानाला दहा फेऱ्या दिल्या, तिने पंधरा मारल्या. हा कसला माज.

२१ मार्च, शनिवार

आज दुपारी खूप वाटलं, तिला एकटीला बोलावून बसवावं, पाठीवर हात ठेवून आपल्या भाषेत विचारावं. तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलेसुद्धा. व्हरांड्यात तीन सीनियर मुली कपडे वाळत घालत होत्या. मॅडम आपल्या गाववालीच्या खोलीत शिरल्या, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या कॅम्पभर झालं असतं. मी दार न वाजवता पुढे निघून गेले आणि उगाचच बाथरूमचे नळ तपासून आले.

अर्धवट उघड्या दारातून दिसलं ते एवढंच: शालिनी कॉटवर बसली होती आणि वासंती खाली बसून तिच्या गुडघ्याला तेल चोळत होती. म्हणजे सेवा करायला येते हिला. सीनियरच्या मर्जीत राहावं एवढं कळतं, मॅनेजरला उत्तर द्यावं हे कळत नाही.

संध्याकाळी ऑफिसात फोन आला. तिचे वडील, खंडेराव, कोल्हापुरातून, एसटीडी बूथवरून. "बाई, पोरगी तोंडानं जरा फटकळ हाय. सांभाळून घ्या. तिची आई म्हणत होती, दिल्लीला न्हाई पाठवायची. मीच म्हणालो, अगं, तिथं आपली मराठी बाई हाय वर."

मी म्हटलं, "सगळ्या मुली मला सारख्याच आहेत." ते म्हणाले, "व्हय व्हय, ते तर हायच." मग बूथवाल्याने घाई केली असावी. फोन ठेवल्यावर वाटत राहिलं की कुणीतरी माझ्याकडे काहीतरी मागितलं आणि मी दिलं नाही. पण त्यांनी मागितलं काहीच नव्हतं.

२४ मार्च, मंगळवार

निवड समिती. सेक्रेटरीसाहेब, घोषबाबू आणि मी. तीन तास, चार वेळा चहा.

सतरा नावं भराभर झाली. शालिनी खेळात एकतीस, माझ्याकडून दहापैकी दहा. 'शांत, त्यागी, कधीही तक्रार नाही. कर्णधारपदास योग्य.' सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "इसको कहते हैं कैरेक्टर."

अठरावी जागा. घोषबाबूंनी वासंतीला खेळात चौतीस दिले होते, कॅप्टनपेक्षाही तीन जास्त. माझे तीन. एकूण सदतीस. तिच्या वर कलकत्त्याची एक मुलगी अडतीसवर. घोषबाबू स्वतः कलकत्त्याचे, पण म्हणाले, "मेरे को कोल्हापूरवाली चाहिए. दूसरी भी ठीक है, लेकिन ये अलग चीज़ है." मी १९ तारखेचा प्रकार सांगितला. विनापरवानगी चार-पाच तास गायब, कारण सांगायला नकार.

सेक्रेटरीसाहेबांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहून हसले. "मैडम, आपकी तरफ़ की लड़की है. आप कहें तो दो नंबर बढ़ा देते हैं. बच्ची है, चलता है."

दार सताड उघडं होतं. मी म्हणाले, "नियम सबके लिए एक है, सर."

ते म्हणाले, बिल्कुल. आणि कलकत्त्याच्या मुलीच्या नावापुढे खूण केली. घोषबाबूंनी कागद गोळा केले आणि माझ्याशी न बोलता बाहेर गेले. मी बरोबर वागले. याची मला खात्री आहे. तरी बसमध्ये बसून गुणांची बेरीज तीनदा करून पाहिली. 

२५ मार्च, बुधवार

नावं लावली. ज्या बारा जणी गळल्या त्यांतल्या अकरा रडल्या. वासंती फलकासमोर उभी राहिली, यादी वरून खाली वाचली आणि माझ्याकडे आली.

"शालिनीदीदी जाणार नव्हं, मॅडम?"

"हो. कॅप्टन आहे ती."

"मग झालं," म्हणाली आणि सामान भरायला गेली. एक टिपूस नाही. मला राग आला. वाईट वाटलं असतं तर मी समजूत घातली असती, तेवढी तयारी करून आले होते.

तिने किट धुऊन, घडी करून परत दिलं. संध्याकाळच्या गाडीने गेली. शालिनी तिला सोडायला गेटपर्यंत आली आणि लहान मुलासारखी हुंदके देऊन रडली. ज्युनियरवर एवढा जीव. खरंच, असा कॅप्टन मिळणं कठीण.

९ एप्रिल, गुरुवार. बँकॉक

काल पहिला सामना. अकराव्या मिनिटाला शालिनी वळली आणि खाली बसली. कुणी धक्का दिला नव्हता, कुणी जवळसुद्धा नव्हतं. स्ट्रेचरवरून नेलं. चार-शून्य हरलो.

सकाळी हॉस्पिटलमध्ये मी एकटीच तिच्याजवळ होते. तिथल्या डॉक्टरांनी गुडघ्याचे फोटो दाखवून सांगितलं की जखम नवी नाही, निदान चार महिन्यांची आहे. मी शालिनीकडे पाहिलं. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि सगळं सांगितलं.

डिसेंबरपासून गुडघा कामातून गेलेला. तिची नोकरी खेळाच्या कोट्यातली, अजून कच्ची. हा दौरा झाला की कायम होणार. घरी आई आणि दोन बहिणी. त्या दिवशी साडीचं निमित्त करून ती करोल बागेतल्या एका हाडांच्या डॉक्टरकडे गेली होती, बँकॉकपर्यंत गुडघा कसाबसा टिकावा म्हणून सुई टोचून घ्यायला. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर. एकटीला जिने चढता येईनात.

"वासंती को मैंने ही बोला था साथ चलने को. ऊपर तीन मंज़िल मुझे पीठ पर लेकर गई, मैडम. नीचे भी. मैंने उससे कसम ली थी. मुझे लगा आप डाँटकर छोड़ देंगी. आप तो उसकी भाषा बोलती हैं."

  तो खांद्यावर चुरगळलेला टी-शर्ट मी पाहिला होता. गुडघ्याला तेल चोळताना पाहिलं होतं. कॅप्टन होळीला पायरीवरून उठली नाही, मानेसरला अर्ध्यातून बसली, हे सगळं माझ्याच अक्षरात माझ्याच वहीत आहे, कौतुकाने लिहिलेलं. तीस वर्षं मी मुलींचे गुडघे बघत आले आहे. आणि जिने माझ्याशी खोटं बोलायचं नाकारलं तिला दहापैकी तीन.

मला लाज वाटते आहे. दुसरा शब्द नाही.

शालिनीने माझा हात धरला. "महासंघाला सांगू नका. आत्ता लागलं असं धरलं तर देशासाठी जखमी म्हणून मला टेबलावरची नोकरी तरी देतील. लपवलं होतं हे कळलं तर सगळंच जाईल." हे ती हिंदीत म्हणाली, पण मला मराठीतच आठवतंय, का ते कळत नाही. मी हो म्हटलं.

२० एप्रिल, सोमवार

तिन्ही सामने हरून परतलो. द्वारकेत पाणी आलंय, मी नसतानाच्या पहिल्याच आठवड्यात आलं म्हणे.

आज मार्केटमधल्या बूथवरून कोल्हापूरला फोन लावला. वासंतीच्या घरी फोन नाही, शेजारच्या पिठाच्या गिरणीत आहे. गिरणी बंद करून तिला बोलवायला सहा मिनिटं गेली. मी मराठीत सुरुवात केली, उगाच तिकडच्या उन्हाळ्याचं विचारलं. शेवटी म्हटलं, "वासंती, माझं चुकलं. मला शालिनीने सगळं सांगितलं."

तिकडून आधी हाच प्रश्न. "दीदीचा पाय कसा हाय आता?"

ऑपरेशन होणार आहे म्हणून सांगितलं. तिचा शेरा मी बदलून घेते, असंही सांगितलं. जुलैच्या कॅम्पला नावं याच गुणांवरून जाणार आहेत. तीन गुण असलेल्या मुलीला बोलावणार नाहीत, आणि एकदा असा शेरा फायलीत राहिला की पुढच्या वर्षीही तोच पुढे येणार.

"कसं बदलणार तुम्ही? कुठं गेलो होतो ते सांगावं लागंल की."

"लागेल."

"मग नगं, मॅडम. दीदीची नोकरी जाईल. माझं काय, मी हितं पोरांबरोबर खेळतो रोज. हाय ते बरं हाय." आणि म्हणाली, "तुम्ही फोन केला, लई झालं."

लई झालं. सतरा वर्षांची पोर मला सोडवून मोकळी झाली. बूथवाल्याला पैसे देताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तो बिचारा म्हणाला, "आंटी, सब ठीक तो है?"

२२ एप्रिल, बुधवार

महासंघाच्या ऑफिसात गेले. काल दिवसभर विचार केला, श्यामला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू फक्त तुझ्यापुरतं लिही ना. तिचं नाव काढायचंच कशाला?" माणूस घोरतो, पण कधी कधी नीट बोलतो.

सेक्रेटरीसाहेबांसमोर अर्ज ठेवला. वासंतीचे कॅरॅक्टरचे गुण तीनऐवजी नऊ करावेत. दहा देणार होते, पण दहा मी एकदा देऊन बसले आहे.

त्यांनी दोनदा वाचला. "तीन से नौ? मैडम, आधार क्या है?"

"मेरा शेरा... मेरी राय ग़लत थी, सर."

"उस दिन लड़की कहाँ गई थी, पता चला?"

"पता चला. बता नहीं सकती."

"मतलब?"

"मतलब ये कि झूठ बोलूँगी नहीं. आप इतना मान लीजिए कि उसने कोई ग़लत काम नहीं किया."

ते खुर्चीत मागे रेलले. बाहेर टाइपरायटर चालू होता तो थांबला, कारकून ऐकत असावा. सेक्रेटरीसाहेब हळू आवाजात, जवळजवळ प्रेमाने म्हणाले, "सच बताइए. अपनी लड़की है, इसीलिए न?"

हेच ते वाक्य. हे कुणी म्हणू नये म्हणून मी सव्वीस वर्षं या शहरात मराठी माणसांच्या मुलांसाठी कधी चिठ्ठी दिली नाही, ओळख काढली नाही, हळदीकुंकवालासुद्धा शाळेतल्या एकीला बोलावलं नाही. याच वाक्याला घाबरून त्या दिवशी दारावर थाप मारली नाही. ते आज समोरासमोर आलं, आणि खरं सांगायचं तर त्यात काही दम नव्हता. मी म्हटलं, "हाँ सर, मेरी लड़की है. इसीलिए मैंने उसे तीन दिए थे. किसी और की होती तो मैं बैठकर पूछती."

त्यांनी अर्ज माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, अच्छा, हे सगळं लिहून द्या, की मॅनेजरने भीतीपोटी पक्षपाताने गुण दिले होते. सही करून. "फिर मैं लड़की का नाम भेज सकता हूँ. लेकिन ऐसी मैनेजर को तो नहीं रख सकता. समझ रही हैं न?"

समजत होतं. तिथेच त्यांच्या पेनने लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

घरी येऊन श्यामला सांगितलं. त्याने विचारलं, "वाईट वाटतंय?" म्हटलं, हो, फार वाईट वाटतंय. मला ते काम आवडायचं. कुरकुर करत केलं, पण आवडायचं. तो चहा करायला उठला आणि साखर घालायला विसरला. मी तसाच प्यायले.

६ जुलै, सोमवार

दुपारी शाळेतून आले आणि फोन वाजला. अर्ज केल्यावर तीन वर्षांनी, मागच्याच आठवड्यात मिळालेला फोन, अजून कुणाला नंबर दिलेला नाही. घोषबाबूंना तेवढा दिला होता. तिकडे वासंती.

"मॅडम, मी दिल्लीत हाय. कालपासनं. घोषसरांनी पहिल्याच दिवशी सीनियरच्या टीममध्ये घातलं बघा." मागे मुलींचा गोंगाट ऐकू येत होता, शिट्टी ऐकू येत होती. शालिनीचं पत्र आलं होतं म्हणाली, ती आता टेबलावर बसते आणि कंटाळते. मग आवाज जरा खाली आणला. "हितं दुसऱ्याच बाई हायत. तुम्ही का न्हाई आला?"

मला उत्तर तयार ठेवता आलं असतं. शाळेने रजा दिली नाही, गुडघे दुखतात, काहीही. मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"ते नाही सांगता येणार गं," मी म्हटलं.

तिकडे शिट्टी वाजली, कुणीतरी तिला हाक मारली. 

"बरं," म्हणाली. आणि तिने परत विचारलं नाही.